रबराला किलोमीटर कळत नाहीत

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि रिक्षात चढणं ही तिच्यासाठी मोठी परीक्षा झाली. दीड-दोन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांना दाखवायला जायचं, तर प्रत्येक वेळी भाड्याची गाडी सांगायची. अशा चार फेऱ्या झाल्यावर मी ठरवलं, आपलीच गाडी घ्यायची. माझं वय ४७. गाडी चालवायला शिकले ४५व्या वर्षी, तेही ड्रायव्हिंग क्लासच्या छोट्या गाडीवर. साताऱ्यातल्या एका ग्रंथालयात २१ वर्षं नोकरी करते आहे. हाताशी तीन लाख रुपये होते, म्हणजे जुनी गाडीच बघायची. आईला मागे पाय मोकळे सोडून बसता यावं आणि तिचा वॉकर डिकीत मावावा, म्हणून सेडान हवी होती. इतकंच ठरलेलं होतं. बोनेट कुठली कळ ओढली की उघडतं, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं.

ओळखीपाळखीतून दोन गाड्या कळल्या. एक कोथरूडची होंडा सिटी, २०११ची, एमएच-१२ पासिंग, ४१ हजार किलोमीटर चाललेली, सांगितलेली किंमत २ लाख ९० हजार. दुसरी कोरेगावची टोयोटा इटिऑस, २०१२ची, एमएच-११ पासिंग, १ लाख ३४ हजार किलोमीटर चाललेली, किंमत २ लाख ६० हजार. दोन्ही पेट्रोल, दोन्ही पहिल्याच मालकाकडे. मी एका वहीत दोन रकाने आखले. ग्रंथालयात दोन विक्रेत्यांची दरपत्रकं आम्ही तुलनेला घेतो, तसंच. रनिंग, किंमत, वर्ष असं लिहीत गेले. मावसभाऊ म्हणाला, "इटिऑस? ती तर टॅक्सीवाले वापरतात." सिटीचं नाव काढलं की मात्र सगळ्यांचे चेहरे खुलत. ४१ हजार आणि १ लाख ३४ हजार हे दोन आकडे शेजारीशेजारी पाहिल्यावर मला वाटलं, आता बघायचं काय उरलं? सिटीच्या रकान्यावर मी चांदणी काढली. गाडी अजून डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

पोवई नाक्याजवळ एक मिस्त्री आहेत, भावाची मोटरसायकल त्यांच्याकडे जाते. त्यांना वही दाखवली आणि एक कोडं विचारलं. सिटीचं इंजिन १४९७ सीसी, इटिऑसचं १४९६. फरक एका सीसीचा. मग सिटीत ११८ घोडे आणि इटिऑसमध्ये ९०च, असं कसं? सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटातली जागा, एवढं मला समजलं होतं. मिस्त्री म्हणाले, "ताई, घोडे किती ते लिहिलंत. पण ते कधी जागे होतात, ते लिहिलं नाहीत." सिटीची पूर्ण ताकद इंजिन मिनिटाला ६६०० गरके घेतं तेव्हा मिळते, इटिऑसची ५६००ला. टॉर्क म्हणून आणखी एक गोष्ट असते. तिला मी वहीत 'पिळाचा जोर' असं लिहून ठेवलं, कारण मिस्त्रींनी ओला टॉवेल पिळून दाखवला होता. तो जोर सिटीत जास्त, १४६, पण ४८०० गरक्यांना. इटिऑसमध्ये १३२, पण तो ३०००लाच हाताशी येतो. "तुम्ही आईला घेऊन जाणार. तुमचा काटा तीन हजाराच्या वर कधी जाणार?" मी क्लासच्या गाडीत त्या काट्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. तो कशाचा असतो, हे त्या दिवशी कळलं.

जानेवारीतल्या एका रविवारी मिस्त्रींना बरोबर घेऊन एसटीने स्वारगेटला उतरले आणि कोथरूडला गेले. गाडी एका काकूंची होती. मी त्यांना नमस्कार करत होते तोवर मिस्त्री बोनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, गाडीच्या पाया पडताहेत. नंतर त्यांनी सांगितलं, इंजिन गार आहे का ते बघत होते. आधीच चालू करून गरम केलेलं इंजिन आपलं दुखणं लपवतं. पहिल्या स्टार्टला होणारी खडखड, सायलेन्सरमधून निघणारा धूर, सगळं इंजिन गार असतानाच दिसतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, दाट पांढरा आणि न थांबणारा म्हणजे कूलंट आत शिरतंय. सिटी दुसऱ्या किल्लीला सुरू झाली आणि मंद, एकसारखा आवाज करत उभी राहिली. धूर नाही. मी वाचून आलेला प्रश्न विचारला, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" काकू गोंधळल्या. मिस्त्री हळूच म्हणाले, "ताई, या इंजिनाला चेन असते. इटिऑसलाही चेनच. बेल्ट नाहीच, तर बदलणार काय?" वहीतली ती ओळ मी दोन्ही रकान्यांत खोडली.

पुढची चूक मोठी होती. इंजिन बंद केल्यावर मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण उघडायला सांगितलं. आत पाहिलं तर पिवळसर पांढरी साय जमलेली. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की असं दिसतं, मग इंजिनाचं डोकं उघडावं लागतं, खर्च मोठा, हे मी तीन ठिकाणी वाचलेलं होतं. मी मिस्त्रींची बाही ओढली आणि कुजबुजले, "चला, निघू या." त्यांनी ऑइलची पट्टी ओढून फडक्यावर पुसली. ऑइल तपकिरी, स्वच्छ. कूलंटच्या बाटलीत डोकावले, वर तेलाचा तवंग नाही. मग त्यांनी काकूंना विचारलं, "गाडी शेवटची रस्त्यावर कधी काढली होती?" काकू म्हणाल्या, "रस्त्यावर नाही रे. दर रविवारी पार्किंगमध्येच पाच मिनिटं चालू ठेवते." पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. आतल्या हवेतल्या वाफेचं झाकणाला लागून पाणी होतं, ते ऑइलमध्ये मिसळतं आणि अशी साय धरते. गाडी तासभर हायवेला पळवली की निघून जाते. पट्टीवर साय असती तर गोष्ट वेगळी होती. एक खूण पाहून मी निकाल द्यायला निघाले होते, तोही काकूंच्या समोर.

मग टायर. खाचा इतक्या खोल की रुपयाचं नाणं चांगलं आत जात होतं. मी लिहिलं, 'टायर उत्तम'. मिस्त्रींनी मला खाली बसवलं आणि टायरच्या कडेवरची लांबोळी चौकट दाखवली. तिच्यात शेवटचे चार आकडे होते: ३१११. म्हणजे २०११ सालचा एकतिसावा आठवडा. चारही टायर तसेच, स्टेपनीही तशीच. गाडीबरोबर आलेले टायर बारा वर्षांनीही तिच्याच पायात होते. मिस्त्रींनी अंगठ्याने कड दाबली तेव्हा तिच्यावर बारीक भेगांचं जाळं दिसलं, उन्हाळ्यात तळ्याच्या चिखलावर पडतं तसं. "हे हायवेला नाही चालणार," ते म्हणाले. मी म्हटलं, "पण फक्त ४१ हजार..." त्यावर ते म्हणाले, "रबराला किलोमीटर कळत नाहीत ताई, वर्षं कळतात." 'उत्तम' हा शब्द खोडताना मला वाईट वाटलं. माझ्या सगळ्या तुलनेचा पाया त्या एका आकड्यावर होता.

त्यानंतर एकेक दिसत गेलं. एसी लावला तर कोमट वारा. वापर नसल्याने जोडांचे रबरी सील सुकले होते आणि गॅस निघून गेला होता. ब्रेकच्या चकत्यांवर गंज, त्यामुळे कोथरूडच्या गल्लीत पहिल्या दोन वळणांना कर्रकर्र आवाज. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने आणून टाकलेल्या शेंगांची टरफलं. चालवायला मात्र ती गाडी फार सुरेख होती. स्टिअरिंग दोन बोटांनी वळत होतं, गिअर न सांगता पडत होते. परत आल्यावर मी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, आणि मिस्त्रींनी माझं मनगट धरून मागे ओढलं. तापलेल्या इंजिनाचं ते झाकण उघडलं तर आतलं उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

काकूंनी चहा केला आणि बिलांची फाइल पुढे ठेवली. २०११ ते २०१९, दर सर्व्हिसिंगचं बिल, काकांच्या बारीक अक्षरात वर तारीख. एप्रिल २०१९नंतर फाइलमध्ये काही नाही. काका गेले त्या वर्षी. मुलगी बंगळुरात, काकूंना गाडी चालवता येत नाही. "ते असते तर गाडी अशी उभी राहिली नसती," त्या म्हणाल्या. ती फाइल हातात असतानाच मला आमचं ग्रंथालय आठवलं. आमच्याकडे काही पुस्तकं अशी आहेत की ज्यांच्या मागच्या चिठ्ठीवर एकही तारखेचा शिक्का नाही. कुणी कधी नेलीच नाहीत. बाहेरून कोरी करकरीत. पण उघडायला जावं तर शिवण तडकते, पानं हातात येतात. आणि ज्यांच्यावर शिक्क्यांची रांग लागली आहे, ज्यांची दोनदा बांधणी झाली आहे, ती अजून वाचकांच्या हातांत फिरताहेत. हे मी २१ वर्षं रोज बघते आहे. गाडीच्या बाबतीत ते मला सुचायला कोथरूडपर्यंत जावं लागलं.

निघण्यापूर्वी मी पर्समधून शिवणाची टेप काढली आणि मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजली. मिस्त्रींना हे नवीन होतं. फिजिओथेरपिस्टनी आईला बजावलं होतं की गुडघ्यापेक्षा खाली असलेल्या जागी बसायचं नाही. बसताना आणि उठताना सगळा भार नव्या सांध्यावर येतो. सिटीची सीट आईच्या रोजच्या खुर्चीपेक्षा चांगली चार बोटं खाली भरली. त्या दिवशी मी स्वतःहून विचार करून केलेली तेवढीच एक गोष्ट होती, आणि तिने मला खूप धीर दिला.

पुढच्या आठवड्यात कोरेगाव. इटिऑस एका निवृत्त शिक्षकांची होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि स्टिअरिंगच्या मागे मीटर शोधू लागले. तिथे काहीच नाही. सरांनी डॅशबोर्डच्या मधोमध बोट दाखवलं. वेग, पेट्रोल, सगळे काटे तिथे. काचेवर वायपरही एकच, लांबलचक. सर सवयीने समजावून सांगत होते, "सुरुवातीला मान वळते, मग फक्त नजर वळते." चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांनी विझला. मिस्त्रींनी मान डोलावली. हा दिवा लागून राहिला तर वाईट, आणि अजिबात लागलाच नाही तर त्याहून वाईट. कुणी तरी तो काढून टाकलेला असू शकतो. मला आजवर वाटत होतं, डॅशबोर्डवर दिवा नसणं हीच चांगली खूण.

मी घरून फ्रिजवरचं लोहचुंबक नेलं होतं. पत्रा ठोकून वर लांबी भरली असेल तर चुंबक धरत नाही, असं ऐकलं होतं. पुढच्या बंपरला लावलं, तर ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मी गंभीरपणे सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, बंपर प्लास्टिकचा असतो." मग त्यांनीच मला उजव्या पुढच्या फेंडरपाशी नेलं. "इथे लावा." तिथे चुंबक खरोखरच सैल पडलं. २०१७ साली उसाच्या ट्रॉलीने घासलं होतं, विम्यातून काम केलं होतं, त्याचं बिल आणि फोटो त्यांनी काढून ठेवलेले. मिस्त्रींनी बोनेटखालचे बोल्ट तपासले. त्यांचा रंग उडालेला नव्हता, म्हणजे पाना लागून सांगाडा उघडलेला नव्हता. सरांनी न विचारता दाखवलेली ती जागा पाहून माझं मन थोडं हललं, हे खरं.

सर पोस्टाच्या नोकरीतल्या मुलाला भेटायला दर आठवड्याला कराडला जात, म्हणून रनिंग एवढं. पण त्यांच्याकडे एक वही होती. पहिल्या दिवसापासून पेट्रोल किती भरलं, काटा किती होता, अॅव्हरेज किती पडलं आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्यात बारीकसारीक नोंदी: 'डावा आरसा सैल', 'नवे टायर, चार', 'ब्रेकपॅड बदलले', 'पावसात काच धुरकट'. मी टायरचे आकडे स्वतः वाचले: २२२१. २०२१चा बाविसावा आठवडा. कुणी सांगायच्या आधी मला ते वाचता आलं, याचा झालेला आनंद मी लपवू शकले नाही.

सरांना शेजारी बसवून गाडी साताऱ्याला आणली आणि यवतेश्वरच्या घाटात घातली. मिस्त्री मागे. चढावर तिसरा गिअर टाकून त्यांनी अॅक्सिलरेटर दाबायला सांगितला. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. तसं झालं नाही. मात्र क्लच अगदी वर, पाय जवळजवळ सुटल्यावर पकडत होता. प्लेट संपत आली होती. गाडी घाट कुरकुर न करता चढली. काटा २८००च्या आसपास होता, आणि या वेळी मी तो पाहिला. एका वळणावर मागून आलेल्या बसने हॉर्न दिला, मी घाबरले आणि गाडी बंद पडली. सर म्हणाले, "सावकाश. हँडब्रेक ओढा आधी." चढावर हँडब्रेक ओढून गाडी उचलायची असते, हे मला क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मी विसरले होते.

घराखाली आईला बोलावलं. तिने दार उघडलं, पाठ सीटकडे केली, आधी बसली, मग एकेक पाय आत घेतला. उतरताना तिने माझा हात मागितला नाही. वॉकर न दुमडता डिकीत ठेवून पाहिला. ५९५ लिटरची डिकी म्हणजे किती, ते तेव्हा डोळ्यांना कळलं. आई म्हणाली, "हा घंटा वाजल्यासारखा आवाज कुठून येतोय?" मागचं डावं दार. आम्हा तिघांपैकी कुणाच्याही कानाला तो लागला नव्हता.

रात्री मिस्त्रींनी दोन्ही गाड्यांचा हिशेब करून दिला. सिटीला पाच टायर, एसी, बॅटरी, ब्रेक, बाहेरचा फॅनबेल्ट आणि सस्पेन्शनचे बुश मिळून ६५ हजारांच्या आसपास. इटिऑसला क्लच आणि मागचे शॉकअब, २२ हजार. पण त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. सिटीचं इंजिन जास्त कोवळं आहे, आणि एकदा खर्च केला की ती गाडी तुम्हाला खूप वर्षं सुख देईल. म्हणजे एक गाडी सरळ चांगली आणि दुसरी वाईट, असं काही नव्हतंच. मी तीन रात्री वही उघडून बसले. सिटीचं ते हलकं स्टिअरिंग आठवत होतं. शेवटी चार बोटांच्या उंचीने ठरवलं. काकूंना फोन केला, नाही म्हणाले, आणि मिस्त्रींची सगळी यादी त्यांना वाचून दाखवली. टायर बदलल्याशिवाय ती गाडी कुणाला हायवेवर नेऊ देऊ नका, असंही सांगितलं. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "यादी पाठव मला. लिहून पाठव."

इटिऑस २ लाख ४० हजारांना ठरली, दहा हजार इसार दिला. कागद बघताना आरसीवर एका बँकेचं नाव दिसलं. कर्ज २०१६लाच फिटलं होतं, पण एचपी, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा, उतरवायची राहून गेली होती. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात एवढं मी पाठ केलेलं. बोजा उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतो, हे नव्याने कळलं. त्यात तीन आठवडे गेले. आरसीची १५ वर्षं २०२७मध्ये संपणार, मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण, तेही वहीत नोंदवलं. विमा १४ दिवसांत माझ्या नावावर करायला हवा होता. सरांचा विमा-बोनस ५० टक्के होता, तो गाडीबरोबर मला मिळणार असं धरून मी हप्त्याचा हिशेब केला होता. विमा प्रतिनिधी म्हणाल्या, "बोनस माणसाचा असतो ताई, गाडीचा नाही. तो सरांकडेच राहणार." हिशेब पुन्हा मांडला. गाडी ताब्यात घेताना मिस्त्रींच्या सांगण्यावरून तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सह्या केल्या: सकाळी ११.२०. त्याआधीचा दंड सरांचा, नंतरचा माझा.

निघताना सरांनी चावीबरोबर ती वही दिली. मी म्हटलं, "ही तुमच्याकडे राहू द्या." ते म्हणाले, "माझ्याकडे गाडी कुठे आहे आता?" कोरेगावच्या बाहेर पंपावर थांबले. पेट्रोलची झडप उघडायची कळ सापडेना, पंपावरच्या मुलाने खाली वाकून सीटशेजारची कळ दाखवली. मग कडेला गाडी लावली, वही उघडली. सरांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, काटा १,३४,६१२, पेट्रोल ३० लिटर. अॅव्हरेजचा रकाना रिकामा ठेवला, तो पुढच्या वेळी भरता येईल. शेऱ्यात लिहिलं: 'मागचं डावं दार वाजतं. आईने सांगितलं.'